माझ्या पायाचं लायसन

माझ्या पायाचा आवाज दुसऱ्याच्या घरातून येताना मी पहिल्यांदा ऐकला, तो माझ्या जावेच्या घरातून. श्रावण चालू होता. तिनं घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. गिरगावात फणसवाडीतल्या तिच्या चाळीतल्या बायका गणपतीसाठी फुगड्यांची तालीम करत होत्या. गॅलरीत गोल धरलेला, पदर खोचलेले, आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून ठोका येत होता. लाकडी जमिनीवर पडणारे पाय आणि त्यावर तोंडाचा फू-फक्, फू-फक्. मी तो व्हिडिओ परत लावला, मग कानाला धरून ऐकला. माझा डावा पाय उजव्यापेक्षा जरा आधी पडतो. आयुष्यभर तो तसाच पडत आलाय. तो माझाच पाय होता.

खाली सगळ्यांनी बदाम टाकले होते. माझ्या सुनेनं पण टाकला होता. जावेनं लिहिलं होतं, ‘आमच्या बायका.’

ठोक्याबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या कोकणात फुगडीला ढोलकी-पेटी लागत नाही. बायका तोंडानंच श्वासाचा ताल धरतात, त्याला पकवा म्हणतात. पकवा चांगला असला की लठ्ठ बाईसुद्धा पिसासारखी फिरते. वाईट असला की चांगल्या नाचणाऱ्या एकमेकींच्या पायावर पाय देतात. आमच्या चाळीत पकवा घालायला मीच लागायची. परळपासून लालबागपर्यंत मला बोलावणी यायची. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला दुसऱ्या कशासाठी कोण बोलावणार?

पकवा मला सासूनं शिकवला. ती कौतुक करणारी बाई नव्हती. दुपारी पुरुष गिरणीत गेले, घरच्या खाणावळीची ताटं घासून झाली, की ती मला खोलीच्या मधोमध उभी करायची. ‘दम पोटातून काढ. गळ्यातून काढशील तर लगेच बसशील.’ चुकलं तर पाठीत धपाटा. ती गेली तेव्हा तिच्या पाटल्या धाकट्या सुनेला, म्हणजे याच जावेला गेल्या. तिचे हात बारीक आहेत, तुझ्या हाताला होणार नाहीत, असं मला सांगण्यात आलं. सोनाराकडं पाटली मोठी करता येते हे त्या घरात कोणाला माहीत नव्हतं असं नाही. पण मी बोलले नाही. पाटल्या तिला, पकवा मला. वाटणी झाली, असं मी धरून चालले.

आता तो पकवा जावेच्या गॅलरीत कसा पोचला ते सांगते.

माझी नात कॉम्प्युटरवर ठोके बनवते. ती त्यांना बीट म्हणते. गाणं म्हणणारे वेगळे, शब्द लिहिणारे वेगळे, ही फक्त खालचा ठोका देते. शिकलेली मुलगी दिवसभर कानाला हेडफोन लावून मान हलवत बसते आणि त्याचे लोक पैसे देतात, हे मला पटायला वेळ लागला. आमची चाळ पाडायला घेणार होते त्याच्या थोडं आधी ती माइक घेऊन आली.

‘आजी, नाच.’

‘कशाला?’

‘या जमिनीचा आवाज घ्यायचाय. टॉवरमध्ये सगळीकडं लाद्या असणार.’

‘जमिनीचा घ्यायचाय तर जमिनीला सांग.’

‘जमीन एकटी काय बोलणार? पाय तुझा लागेल ना.’

मी पदर खोचला आणि पकवा घातला. खालचा भाडेकरू आधीच निघून गेला होता, त्यामुळं खालून कोणी काठीनं ठोकलं नाही. मी मनसोक्त नाचले. त्यानंतर वर्षभरातच माझा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. आता मी चालते, बाजारात जाते, पण पाय आपटता येत नाही. दमही पूर्वीसारखा राहिला नाही. पकव्याला बसले तर चार श्वासांत खोकला येतो. नव्या इमारतीतल्या बायका गणपतीत नाचतात तेव्हा ते रेकॉर्डिंग लावतात आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कोणाचं चुकतंय ते सांगते. म्हणजे माझा चांगला पाय आता फक्त त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. आणि तो पाय जावेच्या घरी नाचत होता.

मी नातीच्या खोलीत गेले आणि तिच्या कानावरचा हेडफोन उचलला.

‘माझा पाय गिरगावला कसा गेला?’

‘काय?’

मी तिच्यापुढं फोन धरला. ती हसायला लागली. ‘अगं, गिरगावच्या आजीच्या सुनेनं घेतला. मस्त वाटतोय ना? रीतसर लायसन घेतलंय हं तिनं. फुकट नाही दिला.’

‘तू माझा पकवा विकलास?’

‘विकला नाही. लायसन दिलं. नॉन-एक्स्क्लुझिव्ह.’

‘मराठीत सांग.’

‘वापरायला दिला. मालकी माझीच. तिला दिला, नायगावच्या एका रॅपवाल्याला दिला, हळदीचे व्हिडिओ काढतो त्या एकाला दिला, एका जिमवाल्याला दिला.’

‘जिमवाला फुगडी घालतो?’

‘तो सकाळच्या क्लासला लावतो. वीसेक माणसं त्यावर उड्या मारतात.’

अनोळखी पुरुष माझ्या पायावर उड्या मारतायत याचं मला काही वाटलं नाही. खरंच नाही. रॅपवाला काय म्हणतो त्याचंही नाही. मला एकाच ठिकाणचं वाटत होतं.

‘खोली भाड्यानं देतात तसं म्हणायचं का हे?’

‘साधारण. पण खोली एका वेळी एकालाच देता येते. बीट कितीही जणांना देता येतो. माझ्याकडचं काही कमी होत नाही.’

‘माझ्याकडचं कमी होतं.’

ती खुर्ची फिरवून माझ्याकडं तोंड करून बसली आणि लहान मुलाला समजवावं तसं समजवायला लागली. ‘हे बघ आजी, मी कोण? मला कोणी ओळखत नाही. पूर्ण बीट एकट्यासाठी विकत घ्यायचा म्हटलं तर महाग पडतो, तो माझ्याकडून कोण घेणार? थोडे थोडे पैसे देऊन पुष्कळ जण घेतात. रॅप करणारी पोरं, त्यांच्याकडं एवढेच असतात. त्यांचं काम होतं, माझं चालतं. आणि एकाला कायमचा विकला, त्यानं तो नुसता पडून ठेवला, तर? गेला ना तो बीट. कोणी ऐकणारच नाही.’

‘आणि दहा जणांचं गाणं सारखंच वाजलं तर?’

‘वाजतं कधी कधी. भांडतात. म्हणूनच ज्याला एकट्याला हवा असतो तो जास्त देतो.’

‘मग मी घेते. एकटीला दे. आणि तिचं बंद कर.’

‘तसं नाही करता येत. दिलेलं लायसन मुदत संपेपर्यंत तिचं. तिचं एका वर्षाचं आहे. मी आता कोणालाही विकला तरी तोपर्यंत ती वाजवू शकते. शब्द दिलाय मी.’

शब्द दिलाय म्हणे. ही मुलगी लहानपणी माझ्याच मांडीवर जेवायची.

मी विचार न करणारी बाई नाही. मी खाणावळ चालवली आहे. एका पातेल्यातली आमटी मी सगळ्या ताटांत वाढायची आणि कोणी माणूस म्हणाला नाही की ही आमटी मला एकट्याला द्या. तसं कोणी म्हणाला असता तर मी उपाशी मेले असते. तेव्हा नातीचं म्हणणं मला कळत होतं. ज्याच्याकडं विकायला थोडं आहे त्यानं ते पुष्कळांना थोडं थोडंच विकावं. पण सासूच्या पद्धतीचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं मी खाणावळीत कधीच वाढलं नाही. कोणी मागितलं तर आज बांगडा मिळाला नाही म्हणायची. ते घरच्या माणसांसाठी. प्रत्येक घरात एक तरी गोष्ट अशी असते जी ताटात वाढायची नसते. नातीनं नेमकी तीच वाढली, आणि तीही कोणाला?

माझी जाऊ माझ्यापेक्षा फार लहान नाही. पण तिचे केस अजून काळे आहेत, मेंदी न लावता. गुडघे शाबूत आहेत. तिची चाळ अजून उभी आहे, जमीन लाकडाची. दीर छापखान्यात लागला आणि गिरगावला वेगळी खोली मिळाली तेव्हा ती आमच्यातून निघून गेली. सासूचं दुखणं, खाणावळ, गिरणीचा संप, सगळं माझ्या वाट्याला आलं. सणाला पाटल्या वाजवत यायची आणि जेवून जायची. वाईट बाई नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, मनात जे येतं ते उघड बोलता तरी आलं असतं.

मग एक नवीनच गोष्ट झाली. नात एक दिवस स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. एका गाण्याच्या कंपनीचा निरोप आला होता. त्यांना तो बीट हवा होता, एकट्यांना, कायमचा. कुठल्या तरी जाहिरातीसाठी.

‘म्हणजे तुला पाहिजे तसंच,’ ती म्हणाली. ‘एकच मालक. ज्यांना दिलाय त्यांची मुदत संपली की संपलं. पुढच्या वर्षी गिरगावला वाजणार नाही.’

‘आणि आपल्याकडं?’

‘आपल्याकडंही नाही. घरात ऐक कितीही. पण इमारतीत स्पीकरवर लावता येणार नाही. तो त्यांचा.’

‘तुला काय वाटतं?’

‘पैसे चांगले आहेत. पण मला तसा विकायला आवडत नाही, तुला सांगितलंय मी. तरी पाय तुझा आहे. तू म्हणशील ते.’

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. उत्तर मात्र माझ्याकडं तयार होतं. जावेकडं नको, मग माझ्याकडं नसला तरी चालेल. मी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवीन, बायका कुठलं तरी गाणं लावतील. पण फणसवाडीत तो वाजणार नाही. फक्त ते तिला मी स्वतः सांगणार होते. मला तिचं तोंड बघायचं होतं.

बसनं गिरगावला गेले. फणसवाडीतला तिचा जिना लाकडी, उंच पायऱ्यांचा. गुडघ्यावर हात ठेवून चढले. जाऊ दारातच कोथिंबीर निवडत बसली होती. आम्ही दोघी एकमेकींशी अजून मालवणीतच बोलतो.

‘येवा वयनी, येवा. फोन करूचो ना, सून खाली इली असती तुमका हात देवक.’

‘हात कशाक? पाय आसत माका.’

‘कसो आसा गुडघो?’

‘लोखंडाचो आसा आता. तुझ्यापेक्षा जास्त टिकतलो.’

ती हसली. मला कोकम सरबत दिलं, पंखा माझ्याकडं वळवला. मी सरबत संपवलं. गोड जास्त झालं होतं. मग सांगितलं, की रेकॉर्डिंग एका कंपनीला द्यायचं ठरतंय, पुढच्या वर्षीपासून तुमच्या बायकांना ते मिळणार नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

तिच्या तोंडावर काहीच झालं नाही. तिनं कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवली.

‘बरा झाला,’ ती म्हणाली. ‘पोरीक पैसे मिळतले. आमचा काय अडता? मी तोंडान घालीन.’

‘काय घालशीत?’

‘पकवो.’

‘तुका खय येता पकवो?’

‘येता म्हंजे? सासूबायनी शिकवल्यानी ना. तुमी बाळंतपणाक म्हायेराक गेलास, तेव्हा. दोपारी खोलयेत उभी करून. चुकला तर पाठीत धपाटो.’

मी रिकामा पेला खाली ठेवला.

‘तुमका म्हायत नाय?’ ती म्हणाली. ‘माका वाटला सासूबायनी सांगितल्यानी असतला. तुमी होतास तेव्हा मी कशाक घालू? तुमचो पाय भारी. माझो हलको पडता. आणि सून म्हणाली, आई, तुमी दमू नका, रेकॉर्ड आसा.’

मग, मी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं, ती उठली. हात ओल्या कोथिंबिरीचे, ते कमरेवर ठेवले आणि पकवा घातला. दारात, उंबऱ्याच्या आत. गॅलरीच्या फळ्या थरथरल्या.

तो माझ्यासारखा नव्हता. इतकी वर्षं घालता घालता माझ्या पकव्यात माझं काही काही शिरलं होतं. तो डावा पाय, मधेच घेतलेला एक हुंकार, लोकांना आवडतं म्हणून वाढवलेला वेग. तिच्यात त्यातलं काही नव्हतं. तिनं तो कुठं घातलाच नव्हता, त्यामुळं तो वापरून झिजला नव्हता. तो सासूचा होता, जसाच्या तसा. डोळे मिटले असते तर पाठीत धपाटा बसला असता. तिला पाटल्या मिळाल्या तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. पाटल्या निदान सगळ्यांसमोर दिल्या होत्या.

आवाज ऐकून शेजारच्या बायका दाराशी आल्या. एकीच्या हातात पोळीचं लाटणं तसंच होतं.

‘काकू, हे तुम्हाला येतं?’ ती म्हणाली. ‘आणि आम्ही तो स्पीकर घेऊन बसलोय!’

‘पुढच्या वर्षी स्पीकर नकोच,’ दुसरी म्हणाली. ‘काकूच घालतील. आणि आम्हाला शिकवतील पण. हो ना काकू? किती दिवस लपवून ठेवलंत!’

जाऊ लाजली. या वयात लाजते. ‘गप गो, माका दम लागता,’ म्हणाली. पण तिला दम लागला नव्हता. मी बघत होते. तिचा श्वास माझ्यापेक्षा आधी जागेवर आला, आणि मी तर बसून होते.

तेव्हा माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी रेकॉर्डिंग बंद केलं तर काय होणार? फणसवाडीत माझा पाय वाजायचा थांबेल आणि सासूचा पकवा सुरू होईल. हिच्या तोंडून. पुढच्या गणपतीला त्या बायका तिला गिरगावात मिरवतील, मग दादरला नेतील, कोणी तरी व्हिडिओ काढेल, आणि लोक म्हणतील, खरा पकवा तर हा. आणि मी लालबागच्या टॉवरखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर.

‘अगो, बस गो, बस,’ मी म्हटलं. ‘या वयात खय दम काढतस? रेकॉर्डाचा अजून काय ठरला नाय. मी बोलतंय नातीकडं.’

‘पण तुमी म्हणालास कंपनीक...’

‘कंपनीचा काय! आज आसा, उद्या नाय. तुमका हवे तेवढे दिवस वाजवा. घरच्यांकच नाय तर कोणाक द्यायचो?’

दारातल्या बायका माझ्याकडं कौतुकानं बघायला लागल्या. लाटणंवाली म्हणाली, ‘बघा, मोठ्या जावेचं मन कसं मोठं असतं.’ मी पदरानं तोंड पुसलं. जावेनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बांगड्याचं तिखलं केलं होतं. तिरफळ बरोबर पडलं होतं. ते पण सासूचंच. मी दोनदा वाढून घेतलं, आणि भात कच्चा राहिलाय असं सांगितलं.

घरी आले तेव्हा नात वाट बघत होती.

‘कंपनीला नाही म्हणून सांग,’ मी म्हटलं.

‘नक्की?’

‘नक्की. एकाला कायमचं दिलं की आपल्या हातात काही राहत नाही. तुझंच बरोबर. सगळ्यांना दे. रॅपवाल्याला दे, जिमवाल्याला दे. अजून कोणी मागितला तर दे. आणि गिरगावचं लायसन संपायला आलं की वाढवून द्यायचं. त्यांनी मागायची वाट बघायची नाही. आपण होऊन.’

‘पैसे?’

‘घेऊ नको त्यांच्याकडून. आणि एक चांगला स्पीकर पण बघ त्यांच्यासाठी. त्यांचा फुटक्या आवाजाचा आहे. मोठा बघ, गॅलरीभर ऐकू जाईल असा.’

तिनं मला मिठी मारली. मला मिठ्या आवडत नाहीत, पण मी उभी राहिले. ती म्हणाली, ‘आजी, मला वाटलं तू भांडून येशील.’ मग तिचा तो माइक कपाटातून काढून पुसायला लागली. तिला नवीन काही तरी करायचं होतं, जुन्या बायकांचे आवाज गोळा करायचे होते. कोणाकोणाकडं जाता येईल ते ती मोठ्यानं बोलत होती. बोलता बोलता मान वर करून म्हणाली, ‘आजी, गिरगावच्या आजीला पण येतो का गं पकवा?’

मी पाण्याचा तांब्या भरून घेतला.

‘येत असता,’ मी म्हटलं, ‘तर तिनं आपला कशाला घेतला असता?’